एक थर्मास, एक बाही

वार्झेआ फ्रिया या डोंगरातल्या गावात तान्ह्या बाळाच्या स्वेटरची बाही किती लांब असावी, हे आल्मेरिंदाच्या स्वयंपाकघरातला थर्मास ठरवायचा.

दुपारची जेवणं उरकली, की ती चुलीत एक जाड ओंडका सरकवायची. किटलीतलं पाणी उकळी फुटायच्या जरा आधी उतरवून थर्मासमध्ये ओतायची. तुंब्यात, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात, ‘माते’ या कडू पेयाची हिरवी पूड एका अंगाला कलती बसवून ओढून प्यायची नळी खोचायची. तोवर शेजारची झुल्मा मागच्या फाटकातून येऊन बसलेली असायची आणि शाळेच्या मुदपाकखान्यातून सुटलेली ओदेते, हाताला कांद्याचा वास घेऊन, दारात बूट झटकत असायची. तुंबा एक, नळी एक, बायका तीन. पहिला तुंबा घरच्या बाईचा, कारण तो सगळ्यात कडू. तो संपला की आल्मेरिंदा क्रोशाची सुई उचलायची. तुंबा भरून झुल्माला, मग ओदेतेला, मग परत स्वतःला. तेवढ्या फेरीत तिच्या दोन ओळी व्हायच्या. दोनच. आधी झाल्या तर ती सुई लोकरीत खोचून बोलत बसायची. राहिल्या असतील तर तुंबा थांबायचा. थर्मास उलटा केल्यावर नुसता थेंब पडला, की बाही झाली. ती लोकर तोडायची, बाहीची गुंडाळी करून कापडी पिशवीत टाकायची आणि भांडी घासायला उठायची.

हे माप तिच्या आईकडून आलेलं. आईच्या वेळीही चुलीभोवती खुर्च्या तीनच होत्या. एखादी बाई मेली की काही दिवस तिची खुर्ची रिकामी राही, मग दुसरी कुणी येऊन तिच्यात बसे, आणि बाह्यांची लांबी पुन्हा जागेवर येई. मधल्या त्या दिवसांत आई विणायला घेत नसे. कारण विचारलं तर म्हणे, “हात चालत नाही.” कारण दुसरंच असावं, असं आल्मेरिंदाला पुढे कधीतरी वाटून गेलं होतं, पण तेव्हा विचारायला आई उरली नव्हती.

कृती नव्हती असं नाही. जुन्या मासिकातून कापलेलं एक पान होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलेलं. त्यावर ठिपके, फुल्या आणि उभ्या दांड्या: साखळी, मुका खांब, खांब. टाके किती घालायचे, गळा कुठे वळवायचा, हे आल्मेरिंदा त्या पानावरून घ्यायची. ओळींचे आकडे मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलेले, आणि तिचा चष्मा हवा तेव्हा कधीच सापडायचा नाही. “टाके कागदाचे, ओळी थर्मासच्या,” ती म्हणायची. आजवर एकाही बाळाची तक्रार आलेली नव्हती.

त्या गावात बाळ प्रसूतिगृहातून घरी येतं ते लाल कपड्यांत. पुढे ते काय वाटेल ते घालो, चिखलात लोळो. पण दाराबाहेरचा पहिला वारा अंगाला लागतो तेव्हा अंगावर लाल हवं. गावातली निम्मी पोरं आल्मेरिंदाच्या हातचं लाल घालून घाट चढून आली होती. त्यातली काही आता मिशा फुटून सफरचंदांच्या बागेत फवारणी करत होती, एक तर पोलिसात होता, आणि रस्त्यात गाठ पडली की ती त्याला म्हणायची, “टोपी कसली दाखवतोस? तुझी पहिली टोपी मी विणलीय, कानावरून सारखी घसरायची.”

आपलं स्वतःचं नातवंड मात्र अजून झालेलं नव्हतं. जुसेमार तिचा एकुलता एक, ट्रक चालवणारा. एका वर्षी सफरचंदांच्या तोडणीला उत्तरेकडून बस भरून माणसं आली, त्यांत फ्रान्सिनेत नावाची पोरगी होती. तोडणी संपली, बस गेली, फ्रान्सिनेत जुसेमारपाशी राहिली. आता तिला नववा लागला होता. आल्मेरिंदानं दुकानात जाऊन सगळ्यात मऊ लाल लोकर निवडली, गुंडा गालाला लावून बघितला, परत ठेवला, पुन्हा उचलला. दुकानदार कंटाळून, पण आदराचं ‘दोना’ लावून म्हणाला, “दोना आल्मेरिंदा, लोकर घेताय की घोडा?”

स्वेटरची पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली. ती झाली त्याच दुपारी फ्रान्सिनेत पोटावर हात ठेवून दारात आली आणि म्हणाली, “माझी आई उद्या पोचतेय. बसमध्ये बसली. बाळासाठी झगा घेऊन येतेय. घरी आणताना घालायचा म्हणून.”

“लाल?” आल्मेरिंदानं विचारलं.

“पांढरा.”

ती आत गेली.

“पांढरा!” झुल्मा म्हणाली. “बाळाला घरी आणायचंय की बाप्तिस्म्याला न्यायचंय?”

“समुद्राकाठची माणसं ती,” ओदेते म्हणाली. “त्यांना थंडी म्हणजे फ्रीजचं दार उघडल्यावर लागते तेवढीच.”

“मग आल्मे, बाळाला घालणार काय? तुझं का तिचं?”

आल्मेरिंदानं थर्मास उलटा धरला. एक थेंब पडला.

*

फ्रान्सिनेतची आई एस्पेदिता आली ती लेकीचे दोन स्वेटर एकावर एक चढवून, आणि चपलेत मोजे. लहानखुरी, सुकलेल्या मिरचीसारखी बाई. डोळे मात्र असे, की शिंपल्यातलं पाणी नुकतंच हललेलं असावं. आल्याआल्या तिनं टिश्यू कागदातून झगा काढून टेबलावर पसरला. आल्मेरिंदाला वाटलं होतं, काहीतरी जाडंभरडं निघेल आणि आपल्याला मोठ्या मनानं त्याची स्तुती करता येईल. तसं झालं नाही. बारीक सुती धाग्याचा, गळ्यापासून खाली विणत नेलेला, शिंपल्यांच्या नक्षीचा झगा होता तो. घेर पावलांच्याही खाली हातभर उतरलेला. एक टाका दुसऱ्यापेक्षा मोठा नाही. असं काम कुणा माणसानं केलंय यावर आल्मेरिंदाचा विश्वास बसत नसे.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

“कृतीत आहे तसं केलं,” एस्पेदिता म्हणाली. “कृतीशिवाय मी एक टाका घालत नाही. ओळ झाली की पेन्सिलीनं टिंब. तुमची कृती बघू?”

आल्मेरिंदानं पिठाच्या डब्याखालून पान काढून दिलं. एस्पेदिता ते खिडकीच्या उजेडाला धरून, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत वाचत गेली. ते मुंगीच्या पायाएवढे आकडेसुद्धा.

मग माते निघाला. पाहुणी म्हणून चौथी खुर्ची आतून आणली. एस्पेदितानं पहिला घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कडू तर कडू, वर जिभेला चटका. पण ती चांगल्या घरची बाई. नळीतून घुर्र आवाज येईपर्यंत तिनं तुंबा संपवला आणि परत देताना हसून म्हणाली, “आभारी आहे, दोना आल्मेरिंदा.”

झालं. आभार मानले म्हणजे पुरे झालं, आता नको. हे त्या डोंगरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्यानंतर तुंबा झुल्माकडे गेला, ओदेतेकडे गेला, आल्मेरिंदाकडे आला, आणि एस्पेदितेच्या नाकासमोरून गोल गोल फिरत राहिला. ती मांडीवर हात ठेवून बघत बसली. पाणी संपलं तेव्हा ती उठून खोलीत गेली.

त्या घराच्या भिंती फळ्यांच्या. संध्याकाळी पलीकडून आवाज आला. “एक तुंबा! पुढचा विचारलासुद्धा नाही कुणी. इतक्या लांबून आले मी, फ्रान्सिनेत. नरड्यात अजून बसची धूळ आहे. मला काय त्या कडू पाण्याची भूक नव्हती, पण माणूस विचारतं तरी.”

आणि मग फ्रान्सिनेतचं हसू. पोट सांभाळत, थांबत थांबत. “अगं आई, तू आभार मानलेस ना!”

“मग काय शिव्या देऊ?”

आल्मेरिंदा इकडे भांडी पुसत होती. तिलाही हसू आलं, आणि लगेच थोडी लाजही वाटली. कारण तुंबा पुढे सरकला तेव्हा पाहुणीचा चेहरा तिला दिसला होता. दिसूनही तिनं थर्मास तिच्याकडे वळवला नव्हता. त्या पांढऱ्या झग्यानं तिचा हात धरून ठेवला होता.

*

दुसऱ्या दिवशी दुसरी बाही.

एस्पेदिता सगळ्यांच्या आधी येऊन चौथ्या खुर्चीत बसली. आता काय म्हणायचं नाही, ते तिला कळलं होतं. तुंबा आला की ती घट्ट धरायची आणि तिला बोलायचं सुचायचं. फ्रान्सिनेत लहानपणी बकरीच्या पाठीवर बसून शाळेत कशी गेली, बकरीनं मास्तरांची टोपी कशी खाल्ली, मास्तर दुसऱ्या दिवशी रुमाल बांधून कसे आले. एक घोट, एक बकरी, एक घोट, एक मास्तर.

“दोना एस्पेदिता,” झुल्मा म्हणाली, “तो तुंबा आहे, माइक नाही.”

“हो हो,” म्हणत एस्पेदितानं नळी धरली आणि चहात चमचा फिरवावा तशी गरागरा फिरवली.

“नळी हलवू नका!” ओदेते ओरडली, घरात कुणी पडलं असावं अशा आवाजात.

“का? काय होतं?”

“गाळ वर येतो. आणि... नाही हलवत.”

“बरं,” एस्पेदिता म्हणाली आणि नळीवरचा हात काढून घेतला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, “नळीकडे बघितलं तर चालतं?”

झुल्मा एवढी हसली की तिला ठसका लागला. आल्मेरिंदा हसली नाही. ती विणत होती. दोन ओळी झाल्या, तुंबा कुठे आहे बघायचं, तो एस्पेदितेच्या हातात. सुई खोचून ठेवायची, बकरीची गोष्ट ऐकायची, वाट बघायची. तुंबा आला, प्यायला, पुढच्या दोन ओळी. तिला उगाचच वाटत होतं की आज सुई नेहमीपेक्षा जास्त वेळ लोकरीत अडकून पडतेय. पण ते तिनं मनातल्या चिडचिडीच्या खात्यात टाकलं. थर्मास उलटा झाला. थेंब पडला. तिनं लोकर तोडली.

एस्पेदिता त्या बाहीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते.

“दोना आल्मेरिंदा, ही बाही...”

“काय?”

आल्मेरिंदाचा आवाज जरा टोकदारच निघाला. एस्पेदितानं तिच्याकडे पाहिलं, मग झुल्माकडे, ओदेतेकडे, मग त्या निषिद्ध नळीकडे.

“काही नाही. रंग छान आहे.”

माझ्या कामावर जळली, असं आल्मेरिंदाला वाटलं. आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

भाग जोडायचे अजून बाकी होते. तेही तिच्या आईकडून आलेलं: बाळ डोळ्यांनी दिसेपर्यंत बाह्या जोडायच्या नाहीत. कुणासाठी कपडा पुरा करून ठेवायचा, आणि ते यायचंच नाही, असं त्या घरात एकदा झालं होतं. कुणी त्याबद्दल बोलत नसे. बाह्या तेवढ्या सुट्या राहायच्या.

*

मुलगी झाली. जुसेमारनं पहाटे फोन केला आणि फोनवर रडला, आणि मग दुपारपर्यंत सोडतील असं सांगून दोघी आज्यांना न्यायला ट्रक घेऊन वर आला. कुरणं कडकडीत पांढरी पडली होती. तारेच्या कुंपणावर, मेंढ्यांच्या पाठीवर, ट्रकच्या टपावर दहिवर गोठलं होतं. एस्पेदिता काचेला नाक लावून बघत होती.

“हे मीठ आहे का?” तिनं विचारलं.

“मीठ नाही, दहिवर गोठलंय. गार आहे,” जुसेमार म्हणाला.

“गार आहे ते कळलं रे बाबा. गार कधी नाही इथे?”

प्रसूतिगृह खाली, मोठ्या गावात. दोघींनी मुलीला बघितलं. ती तांबूस होती, चुरगळलेली होती, आणि जगाशी भांडण काढून झोपल्यासारखी दिसत होती. “हिची हनुवटी आमची,” आल्मेरिंदा म्हणाली. “रागवायची पद्धत आमची,” एस्पेदिता म्हणाली. नर्सनं दोघींना बाहेर काढलं आणि सांगितलं, कपडे तयार ठेवा, डॉक्टर येऊन गेले की लगेच सोडतील. जुसेमार जन्माच्या नोंदीला गेला.

आल्मेरिंदा बाकावर बसली. कापडी पिशवीतून लाल भाग काढले, गुंडाळ्या सोडवल्या, दाभण ओवलं. खांदे जोडले. एक बाही जोडली. दुसरी बाही घेऊन पहिलीशेजारी धरली, आणि तिचा हात थांबला.

तिनं ती ओढून पाहिली. उलटी करून पाहिली. खांद्याशी काही चुकलंय का म्हणून सुलटी केली. बाही आखूड होती. थोडीथोडकी नव्हे, बाळाचं मनगट उघडं पडेल एवढी.

आयुष्यभर जिच्या हातचं घालून गाव घाट चढलं, तिच्या नातीला एक बाही पुरी आणि एक अर्धी. लोकरीचा उरलेला गुंडा चुलीजवळच्या टोपलीत, घाटाच्या वर. बाकाच्या दुसऱ्या टोकाला टिश्यू कागदात तो पांढरा झगा, एक टाका दुसऱ्यापेक्षा मोठा नसलेला. आल्मेरिंदानं स्वेटरची घडी घातली. घडी नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली.

“दोना एस्पेदिता,” ती म्हणाली, “तुमचा झगा घाला मुलीला. माझं काम फसलंय.”

एस्पेदिता पुढे सरकली. तिनं घडी मोडली आणि आखूड बाही बोटांत धरली.

“हां, ही,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“की ही आखूड आहे. त्याच दिवशी. कागदावरच्या ओळी मला पाठ होत्या ना. मी मोजत होते.”

“आणि बोलला नाहीत?”

“बोलणार होते. मग म्हटलं, नको. इथे आभार मानले की पुढचा घोट मिळत नाही. नळी हलवली की बायका किंचाळतात. बाळ दिसेपर्यंत बाह्या जोडत नाहीत. म्हटलं, असेल यांच्यात एक बाही आखूड! मी कशाला तोंड उघडू?”

आल्मेरिंदानं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. डोंगरातल्या लोकांच्या आखूड बाहीचाही तिनं मनापासून मान राखला होता. आल्मेरिंदाला आता रडू येणार असं वाटत असतानाच हसू फुटलं. ती एवढी हसली की दारातून नर्सनं डोकं काढून दटावलं. आणि हसता हसताच तिला ते दिसलं: चौथी खुर्ची, गोल फिरणारा तुंबा, बकरी, मास्तर, एस्पेदितेच्या हातात थांबून राहिलेलं पाणी.

“माझे तुंबे तुम्ही प्यायलात,” ती म्हणाली.

“काय?”

मग तिनं सांगितलं. थर्मास, फेरी, दोन ओळी, आई. हे सगळं शब्दांत मांडायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि सांगताना ते तिला स्वतःलाच वेड्यासारखं वाटत होतं. एस्पेदिता ओठ हलवत ऐकत राहिली.

“म्हणजे,” ती शेवटी म्हणाली, “बाळाची बाही मी प्यायले?”

“प्यायलात.”

“देवा!” एस्पेदितानं कपाळावर हात मारला. “कडूसुद्धा लागली नाही शेवटी शेवटी.”

खिडकीबाहेर उन्हातही कुरण पांढरंच होतं.

“झगाच घालू या,” आल्मेरिंदा म्हणाली. “चांगला आहे.”

“चांगला आहे हे मलाही माहितेय. पण हा घालून घाट चढवलात तर वर मुलगी नाही, बर्फाचा गोळा पोचेल. घरी बसून विणला मी, दारं-खिडक्या उघड्या टाकून, घाम पुसत. मला काय ठाऊक होतं, इथे हवेलाही दात असतात!” एस्पेदितानं झगा मांडीवर घेतला, घेर चाचपत शेवटची गाठ शोधून काढली आणि आल्मेरिंदाला कळायच्या आत ती दातांनी तोडली.

“अहो! काय करताय?”

“हात धरा पुढे.”

क्रोशाच्या कामात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. बाकीचे आपापल्या जागी गाठीत बसलेले असतात, आणि एवढे दिवस आपण एवढं केलं, असं माणसाला वाटत असतं. तो एक टाका सापडला आणि ओढला, की सगळं पुन्हा नुसता धागा होतं. आल्मेरिंदानं स्वतःचं काम पुष्कळदा उसवलं होतं. दुसऱ्या बाईला उसवताना बघायला इतकं जवळ ती कधी बसली नव्हती. शिंपला, शिंपला, शिंपला, टकटक आवाज करत घेर मिटत गेला, आणि वाकडातिकडा, अजून टाक्यांची आठवण धरून राहिलेला पांढरा धागा तिच्या दोन पंजांभोवती गुंडाळला जाऊ लागला.

“पुरे,” ती म्हणाली. “अहो, पुरे झालं.”

“अजून एक ओळ. सूत बारीक आहे, तीनपदरी घ्यावं लागेल. आणि झगा तसाही लांबच होता. कृतीत तेवढा लिहिला होता म्हणून केला. एवढंसं बाळ, त्याला कशाला शेपूट?”

एस्पेदितानं कापडी पिशवीतली क्रोशाची सुई घेतली आणि आखूड बाहीच्या काठातून पांढऱ्याची पहिली ओळ उचलली. तिचा हात घट्ट होता. लाल लोकर ढिली, फुगलेली, आणि तिच्यापुढे पांढरा काठ ताठ, कडक इस्त्रीच्या मनगटपट्टीसारखा. ती मोठ्यानं मोजत होती. आल्मेरिंदा खांद्याच्या बाजूनं तीच बाही जोडत होती. दोघींची डोकी जवळजवळ एकमेकींवर आपटत होती.

“तुमची कोपरं आवरा,” आल्मेरिंदा म्हणाली.

“बाही लहान आहे, मी काय करू?”

“लहान का आहे?”

“बरं बरं. मोजू द्या.”

नर्स आली तेव्हा दाभण नुकतंच बाजूला ठेवलं होतं. आखूड केलेला पांढरा झगा आत, वर लाल स्वेटर, एका मनगटाला पांढरी पट्टी. नर्सनं बाळाला गुंडाळता गुंडाळता ते हातात धरून पाहिलं आणि विचारलं, “ही एका बाजूला पट्टी कशासाठी? तुमच्याकडची रीत आहे का?”

“हो,” दोघी एकदमच म्हणाल्या.

*

महिनाभरात मुलीला तो स्वेटर होईनासा झाला. पुढच्या मापाला एक थर्मास आणि वर अर्धी किटली लागते. आल्मेरिंदानं लोकर आणली, या वेळी दुकानदाराला फार न छळता, आणि चुलीभोवती चार खुर्च्यांचं बस्तान बसलं. झुल्मानं त्या पट्टीची एवढी थट्टा केली होती की आता तिच्या भाचीच्या बाळाला तशीच हवी होती. एस्पेदिता तुंबा माइकसारखा धरायची तो धरायचीच. बकरीच्या गोष्टीला नवे नवे पाय फुटत होते. चौघींच्या मापानं पहिली बाही बरोबर उतरली. आल्मेरिंदानं थर्मासवर आणखी किती पाणी घालायचं ते अदमासानं ठरवलं होतं, आणि एस्पेदितानं चोरून ओळी मोजून मान डोलावली होती.

“दुसरी उद्या,” आल्मेरिंदा गुंडाळी करत म्हणाली.

एस्पेदिता खुर्चीत जरा हलली. “उद्या माझी बस आहे.”

हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिकीट फ्रीजवर चुंबकाखाली होतं. तरी ओदेतेनं उठून उगाच चुलीत लाकूड घातलं, जे घालायची गरज नव्हती, आणि झुल्मा एकदम आपल्या नखांकडे बघू लागली. आतल्या खोलीत मुलगी कुरकुरली आणि फ्रान्सिनेत तिला थोपटू लागली.

“म्हणजे दुसरी बाही तिघींची होणार,” आल्मेरिंदा म्हणाली. “लांब होईल.”

“पाणी कमी घालायचं मग.”

“किती कमी? मला नाही येत तसा हिशेब.”

“मग कागद बघा. ओळी लिहिल्यात त्याच्यावर.”

“चष्मा कुठे सापडतोय?”

“तुमच्या डोक्यावर आहे, दोना आल्मेरिंदा.”

आल्मेरिंदानं हात वर नेला. चष्मा तिथेच होता. तिनं तो काढला, सावकाश मिटला आणि एप्रनच्या खिशात खोल घातला.

“कुठाय?” ती म्हणाली. “मला तर काही दिसत नाही. तुला दिसतोय का गं झुल्मा?”

“मला? मला काय दिसणार, धूर किती झालाय इथे.”

किटलीच्या तळाशी एकाच तुंब्यापुरतं पाणी उरलं होतं. आल्मेरिंदानं ते भरलं. पाळी ओदेतेची होती, पण तिनं हात पाठीमागे घेतले. आल्मेरिंदानं तुंबा एस्पेदितेपुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. इतके दिवस ‘घ्या’ म्हणत होती.

एस्पेदितानं तुंबा दोन्ही हातांत घेतला. या वेळी तिनं गोष्ट सांगितली नाही, नळी हलवली नाही. खिडकीबाहेर कुरणावर पुन्हा पांढरं धरायला लागलं होतं. नळीतून घुर्र आवाज येईपर्यंत ती प्यायली. मग तिनं तुंबा परत दिला, तोंड पुसलं, आणि आभार मानले नाहीत.